आधी सुकाणू फिरवून दाखव

गेल्या दिवाळीत रत्नागिरीला घरी होतो. फराळाची ताटं मांडली होती, तेवढ्यात आमच्या आळीतला एक मुलगा मोबाइल पुढे करत आत आला. वय वीसच्या आसपास, आयटीआय झालेला, वेल्डिंगला हात एकदम साफ.

“दादा, तू पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना? मला एक भारी व्हिडिओ एडिट करून दे. ड्रोन शॉट, म्युझिक, सगळं. सव्वीस जानेवारीला टाकायचाय.”

मोबाइलवर त्याच्या घरामागचा मांगर दिसत होता आणि मांगरात विमान. खरंखुरं, एका माणसाचं. अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, पुढे मोटरसायकलचं इंजिन आणि स्वतः घासून काढलेला लाकडी पंखा. यूट्यूब बघून, भंगारातून सामान आणून, दीड वर्ष खपून त्याने ते उभं केलं होतं. सव्वीस जानेवारीला गावाबाहेरच्या कातळसड्यावर ते पळवायचं आणि “फक्त पाच-दहा फूट उचलायचं” असा बेत होता.

व्हिडिओ बघताना मला अभिमान वाटला आणि पोटात गोळाही आला. दोन्ही एकाच वेळी.

मी त्याला व्हिडिओ करून दिला नाही. का नाही दिला, त्याबद्दल हा लेख आहे. आणि जे लोक त्याला तो आनंदाने करून देतील, लाखभर लाइक देतील आणि ‘याला म्हणतात टॅलेंट’ अशी कमेंट टाकून पुढच्या रीलवर जातील, त्यांच्या विरोधात आहे. त्या लोकांत मीही होतो, म्हणून जरा जोरात लिहितोय.

फुलसावंगी आठवतंय का?

यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यात हे गाव आहे. ऑगस्ट 2021 मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या काही दिवस आधी, तिथला विशीतला एक तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची रात्री चाचणी घेत होता. शिक्षण आठवीपर्यंत, काम पत्र्याचं आणि वेल्डिंगचं. मारुती 800 चं इंजिन बसवून त्याने ते यंत्र उभं केलं होतं. इंजिनाचा वेग वाढवल्यावर शेपटीकडच्या छोट्या पंख्याचं पातं तुटलं, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि मोठ्या पंख्याचं पातं आत बसलेल्या त्याच्यावर आलं. तो वाचला नाही. हेलिकॉप्टर तेव्हा जमिनीवरच होतं.

त्याचं नाव त्या आठवड्यात देशभरातल्या वर्तमानपत्रांत आलं. ‘थ्री इडियट्स’मधल्या रँचोवरून त्याला प्रेरणा मिळाली होती, हेही आलं. बातमीसोबत त्या चाचणीचा व्हिडिओ फिरला. माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर तो तीन जणांनी टाकला. मी चौथा. खाली हात जोडलेले इमोजी, ‘देशाने एक हिरा गमावला’ वगैरे. दोन दिवसांनी ग्रुपवर क्रिकेट होतं.

‘हिरा गमावला’ या वाक्यात कुणी काही केलंच नव्हतं असा भास आहे. हिरा हातातून घरंगळला, एवढंच. त्या सगळ्या काळात त्याच्या शेजारी उभं राहून ‘शेपटीचं पातं किती वेगाला तुटेल हे तू तपासलंस का?’ असं विचारणारा, त्याचं उत्तर समजणारा आणि उत्तर नसेल तर इंजिन बंद करायला लावणारा माणूस त्याच्याकडे कसा यायचा? आपल्या व्यवस्थेत असा माणूसच नाही. त्या तरुणाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्याला हेलिकॉप्टरचा सांगाडा हाताने उभा करता येतो, त्याला चाचणी कशी घ्यायची हेही शिकता आलं असतं. शिकवायला कुणी गेलं नाही.

हेलिकॉप्टरचा शेपटीकडचा पंखा शोभेचा नसतो. मोठा पंखा एका दिशेने फिरतो तेव्हा खालचं धड उलट्या दिशेने गरगरायला बघतं. त्या गरगरण्याला अडवायचं आणि नाक डावी-उजवीकडे वळवायचं काम शेपटीचा पंखा करतो. म्हणजे ते हेलिकॉप्टरचं सुकाणूच. फुलसावंगीत तुटलं ते सुकाणू.

आता माझी स्वतःची गोष्ट. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही सहा जणांनी रिमोटवर चालणारं विमान बनवलं होतं. पंखांचा पसारा माझ्या उंचीपेक्षा मोठा. उड्डाणाच्या आदल्या रात्री एक सर्व्हो मोटर जळली, ती बदलली. सकाळी मैदानावर स्टिक हलवून पाहिली, पंखावरच्या फळ्या हलल्या, सगळ्यांनी अंगठे वर केले. विमान जमिनीवरून उठलं, वाऱ्याने किंचित डावीकडे कललं. उडवणाऱ्या मित्राने उजवीकडे स्टिक मारली. ते आणखी डावीकडे कललं. त्याने आणखी उजवीकडे मारली. पुढचं तुम्हाला समजलंच असेल. प्रेक्षकांत उभ्या असलेल्या एका ज्युनियरच्या पायापासून हातभर अंतरावर ते जमिनीत घुसलं.

नवी सर्व्हो उलटी फिरत होती. रिमोटमध्ये एक सेटिंग बदलायचं राहिलं होतं, बस. आम्ही ‘हलतंय का?’ हे तपासलं होतं. ‘कुठल्या बाजूला हलतंय?’ हे सहापैकी एकानेही मोठ्याने विचारलं नव्हतं. त्या अपघाताच्या व्हिडिओला आम्ही हसून हसून लाइक मिळवले. आज विचार केला की हसू येत नाही. विमानात माणूस नव्हता, एवढाच काय तो फरक.

आळीतल्या त्या मुलाला मी विचारलं, “हवेत काठी अडकली तर काय करशील?”

तो म्हणाला, “दादा, जोर लावून ओढीन. नाहीतर इंजिन बंद करून उतरवीन.”

हे उत्तर ऐकून मी घाबरलो. त्यामुळे खरं उत्तर काय आहे ते इथे नीट सांगतो. पुढच्या वेळी असला व्हिडिओ फॉरवर्ड करताना ते तुमच्या डोक्यात असावं.

छोट्या विमानात तीन सुकाणू असतात. शेपटीवरची आडवी फळी म्हणजे एलिव्हेटर, ती नाक वर-खाली करते. पंखांच्या टोकांकडच्या फळ्या म्हणजे एलरॉन, त्या विमान डावी-उजवीकडे कलवतात. शेपटीवरची उभी फळी म्हणजे रडर, ती नाक डावी-उजवीकडे वळवते. वैमानिकाच्या हातातली काठी आणि पायाखालची पेडलं तारांनी किंवा दांड्यांनी या फळ्यांना जोडलेली असतात. बिघाड तीन तऱ्हेचे: तार तुटते, फळी अडकते किंवा जोडणी उलटी झालेली असते.

एलिव्हेटरची तार तुटली तर काठी हातात सैल पडते, पण विमान लगेच दगडासारखं पडत नाही. वेग आणि इंजिनाची ताकद ठरावीक असली की बहुतेक विमानं एका ठरावीक पद्धतीने उडत राहतात. मग दोन गोष्टी कामाला येतात. एक म्हणजे थ्रॉटल: ताकद वाढवली तर विमान साधारणपणे चढतं, कमी केली तर उतरतं. दुसरी म्हणजे ट्रिम, एलिव्हेटरच्या मागच्या कडेला असलेली छोटीशी पट्टी. ती वेगळ्या तारेवर असेल तर तिने मोकळी पडलेली फळी वर-खाली ढकलता येते. पण तीच फळी तुटण्याऐवजी अडकली असेल, तर ट्रिम उलटी चालते. मोठी फळी हलतच नाही, मग ती छोटी पट्टी स्वतःच चिमुकली एलिव्हेटर बनते आणि नाक वर करायला चाक फिरवलं की नाक खाली जातं. एलरॉन गेले तर रडरने पाय देऊन विमान हळूहळू कलवता येतं. फ्लॅपना हात लावायचा नाही, कारण त्यांनी नाकाचा तोल बदलतो आणि तो सावरायला हातात काही उरलेलं नसतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, थोडीशी, आणि विमान काय करतंय ते बघत थांबायचं. घाईने घरच्या धावपट्टीकडे वळायचं नाही. लांब, रुंद, सरळ समोर येणारी जागा शोधायची.

म्हणजे ‘इंजिन बंद करीन’ या उत्तराने त्याने हातात उरलेलं एकमेव सुकाणूच फेकून दिलं असतं.

पण या सगळ्या युक्त्यांना एक गोष्ट लागते, वेळ. आणि हवेत वेळ म्हणजे उंची. 11 नोव्हेंबर 2018 ला पोर्तुगालमध्ये एअर अस्तानाचं एम्ब्रेअर विमान मोठ्या दुरुस्तीनंतर लिस्बनजवळून उडालं. दुरुस्तीत एलरॉनच्या तारा चुकीच्या बसवल्या गेल्या होत्या. डावीकडे वळवलं की उजवीकडे कलणारं ते विमान ढगांमध्ये जवळजवळ उलटंपालटं होत राहिलं. वैमानिकांनी उंची मिळवली, विमान कशाला कसं उत्तर देतंय ते शिकून घेतलं, संगणकाची ढवळाढवळ कमी करणारा मोड निवडला. उतरायचे दोन प्रयत्न सोडून दिले आणि तिसऱ्यांदा बेजाच्या लष्करी धावपट्टीवर विमान टेकवलं. आतले सहाही जण वाचले. प्रशिक्षित वैमानिक, भरपूर उंची, सोबतीला मार्ग दाखवायला आलेली लढाऊ विमानं, आणि तरीही जेमतेम.

आमच्या मुलाचा बेत पाच-दहा फुटांचा होता. पाच-दहा फुटांवर ट्रिम शोधायला वेळ नसतो. ‘कमी उंची म्हणजे कमी धोका’ हा हिशोब सायकलवरून पडण्याचा आहे. विमानाला तो लागू नाही. वाऱ्याच्या एका झोताने पाच फुटांचे पन्नास होतात आणि पन्नास फूट ही सर्वांत वाईट उंची आहे: मरायला पुरेशी, सावरायला अपुरी.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात मांडतो. घरी बनवलेल्या विमानात सुकाणूचा बिघाड हवेत हाताळता येईल यावर भरवसा ठेवता येत नाही, तो जमिनीवरच हाताळावा लागतो. आणि जमिनीवर तो हाताळायला ज्याने विमान बनवलं तो एकटा पुरत नाही. दुसरे डोळे लागतात.

ही अक्कल रक्त सांडून आलेली आहे. 30 ऑक्टोबर 1935 ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल 299 हे त्या काळातलं सर्वांत आधुनिक बॉम्बर चाचणीसाठी उडालं, सरळ वर चढलं आणि कोसळलं. मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर गेले. उभं असताना वाऱ्याने फळ्या आपटू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहिलं होतं. दोघंही अत्यंत अनुभवी. त्यानंतर वैमानिकांच्या हातात कागदाची चेकलिस्ट आली, आणि तेच विमान पुढे बी-17 म्हणून हजारोंच्या संख्येने उडालं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. 31 मे 2014 ला अमेरिकेतच, बेडफर्डला, एक आलिशान गल्फस्ट्रीम जेट धावपट्टीवरून उठलंच नाही. पुढे जाऊन आदळलं आणि पेटलं. सात जण गेले. कारण तेच: फळ्यांचं कुलूप काढलेलं नव्हतं. तपासात कळलं की त्या वैमानिकांनी आधीच्या 175 उड्डाणांपैकी 98 टक्के वेळा सुकाणू पूर्ण फिरवून पाहण्याची तपासणी केलीच नव्हती. दोघंही एकमेकांसोबत वर्षानुवर्षं उडत होते. दोन माणसं होती, पण दुसरे डोळे नव्हते. एकमेकांवर इतका विश्वास की कुणी कुणाला विचारतच नव्हतं.

यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर येतं. “अरे, राइट बंधूंना कुणी परवानगी दिली होती? ते पण सायकल दुकानदारच होते ना?”

हो, होते. आता त्यांनी काय केलं तेही वाचा. 1900 ते 1902 अशी तीन वर्षं ते इंजिन नसलेली ग्लायडर उडवत होते. आधी पतंगासारखी दोरीने, मग स्वतः त्यावर झोपून. 1901 मध्ये त्यांनी लाकडी खोक्याचा वातबोगदा बनवला आणि पंखांचे सुमारे दोनशे छोटे नमुने त्यात तपासले. 1902 मध्ये शेकडो वेळा ग्लायडर उडवून त्यांनी एकच प्रश्न सोडवला: हे यंत्र वळवायचं कसं, सावरायचं कसं? इंजिन त्यांनी शेवटी बसवलं. आपले रीलवाले इंजिन आधी बसवतात, कारण इंजिनाचा आवाज येतो. सुकाणूचा आवाज येत नाही.

आणि एवढं करूनही 17 सप्टेंबर 1908 ला फोर्ट मायरला ऑर्व्हिल राइट लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिजला सोबत घेऊन उडत असताना पंख्याचं पातं तडकलं. हादऱ्यात मागच्या रडरला ताणून धरणारी तार निसटली. विमान नाकावर आलं. सेल्फ्रिज गेला, ऑर्व्हिल अनेक आठवडे रुग्णालयात होता. इंजिनाच्या विमानातला जगातला पहिला मृत्यू हा सुकाणू गेल्यामुळे झालेला आहे. राइट बंधूंनी मोडकं सामान तपासलं, कारण शोधलं, रचना बदलली. तुम्हाला राइट बंधूंचं उदाहरण द्यायचंच असेल तर ते असं पूर्ण द्या.

इथवर टाळ्या वाजवणाऱ्यांना बोललो. आता बंदी घालणाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांचा दोष कमी नाही.

आपल्याकडे परवानगीशिवाय विमान उडवणं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. आमच्या रत्नागिरीचं विमानतळ तटरक्षक दल वापरतं, तिथल्या आकाशात कुणीही उठून घरचं विमान घेऊन यावं असं मी म्हणणार नाही. पण ‘गुन्हा आहे’ यापुढे यंत्रणेकडे सांगायला काय आहे? अमोल यादव यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या या माणसाने कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळाली 2017 च्या नोव्हेंबरमध्ये, उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये आणि चाचणी उड्डाण झालं 2020 मध्ये धुळ्याला. मुख्यमंत्री, पंतप्रधान यांच्या पातळीवर विषय गेल्यावर.

मुंबईत राहणाऱ्या, विमानाची भाषा येणाऱ्या, इंग्रजीत पत्रव्यवहार करू शकणाऱ्या वैमानिकाची ही कथा असेल, तर आठवी शिकलेला वेल्डर कुठल्या दारावर जाणार? तो जात नाही. तो रात्री चाचणी घेतो. अशक्य वाटणारी परवानगी माणसाला थांबवत नाही, ती त्याला लपून करायला लावते. आणि लपून केलेल्या कामाला दुसरे डोळे मिळत नाहीत.

हे काही जगात न सुटलेलं कोडं नाही. अमेरिकेत 1953 मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी विमान बनवणाऱ्यांची संघटना सुरू केली, एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. तिचे अनुभवी सदस्य स्वयंसेवक म्हणून तुमच्या गॅरेजमध्ये येतात, कापड चढवायच्या आधी सांगाडा बघतात, तारांच्या जोडण्या बघतात. विमान तयार झाल्यावर सरकारी तपासणी होते आणि मग पहिले साधारण 25 किंवा 40 तास वस्तीपासून दूर, ठरलेल्या हद्दीतच उडवायचे असतात. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे निरीक्षक टप्प्याटप्प्यावर सही करतात. विमान दुरुस्तीच्या जगात सुकाणूच्या जोडणीला हात लावला की दोन वेगवेगळ्या माणसांनी ती स्वतंत्रपणे तपासायची, ही जुनी रीत आहे. तिथेही अपघात होतात. पण तिथे ‘वाहवा’ आणि ‘बंदी’ यांच्या मध्ये काहीतरी उभं आहे. आपल्याकडे मधली जागा रिकामी आहे.

माझ्या नोकरीत मी एका ओळीचा बदल केला तरी दुसऱ्या कुणीतरी तो वाचल्याशिवाय लाइव्ह जात नाही. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे वाक्य आमच्याकडे विनोद म्हणून म्हणतात. आणि आम्ही काय बनवतो? लोकांना सवलतीची कूपनं दाखवणारं अ‍ॅप. ते बंद पडलं तर जुनी आवृत्ती परत चढवायला दहा मिनिटं लागतात. कूपनच्या अ‍ॅपला दुसरे डोळे आहेत आणि ज्यात माणूस बसणार आहे त्या विमानाला नाहीत, हे मला पटत नाही.

त्या दिवशी दुपारी मी माझ्या काकांना घेऊन मांगरात गेलो. काका मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. आयुष्यात विमानात बसलेले नाहीत. त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली, वेल्डिंगवरून बोट फिरवून “झकास” म्हणाले. मुलगा खूश. मग म्हणाले, “विमानातला मला काय कळत नाय. पण सुकाणू फिरवून दाखव.”

त्याने काठी डावीकडे नेली. डाव्या पंखाची फळी वर, उजवीची खाली. बरोबर. उजवीकडे नेली. बरोबर. माझ्या कॉलेजातल्या चुकीपेक्षा तो पुढे होता.

“आता थांब,” काका म्हणाले आणि एका फळीला दोन्ही हातांनी गच्च धरून उभे राहिले. “तिकडे मी धरतो. तुझ्या दादाला दुसरी धरू दे. आता फिरव.”

त्याने काठी डावीकडे नेली. ती जवळजवळ पूर्ण गेली. आमच्या हातातल्या फळ्या जागच्या हलल्या नाहीत.

मोटरसायकलच्या क्लचसारख्या नळीतून जाणाऱ्या तारा त्याने वापरल्या होत्या. ताण आला की नळी वाकत होती आणि ती जिथे पकडली होती ती पत्र्याची पट्टीही वाकत होती. काठीचा सगळा प्रवास त्या वाकण्यातच संपत होता. मांगरात उभ्या विमानाच्या फळ्या छान हलणार, कारण तिथे त्यांना अडवायला काही नाही. वेग घेतल्यावर वारा त्यांना काकांच्या हातांसारखाच धरून ठेवणार.

“तांडेल बंदर सोडायच्या आधी सुकाणू दोन्हीकडं मारून बघतो,” काका म्हणाले. “बाहेर गेल्यावर समुद्रात गॅरेज नसता रे बाबा.”

मुलगा काही बोलला नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. एका वेल्डरला आपली पट्टी वाकताना दोन माणसांसमोर दिसली, तो अपमान त्याला झोंबला असणार. पण मी दिलेल्या हजार सूचनांनी जे झालं नसतं ते त्या एका मिनिटात झालं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांना कुठल्या मिशनची किंवा हजार कोटींची गरज नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी पॉलिटेक्निक आहेत, इंजिनियरिंग कॉलेजं आहेत, आयटीआय आहेत. वर्षातून चार शनिवार कार्यशाळेचं दार उघडा आणि सांगा: ज्याने घरी काही उडणारं बनवलं असेल त्याने ते घेऊन यावं, पोलीस बोलावणार नाही. पंख उलटे ठेवून त्यावर वाळूच्या पिशव्या रचा आणि किती वजनाला वाकतात ते मोजा. फिरणारी पाती माणूस दूर ठेवून, आडोशामागून, लांबून चालवून तपासा. सुकाणू धरून ओढून बघा. निवृत्त हवाई दलाचे तंत्रज्ञ गावोगावी आहेत, त्यांना बोलवा. डीजीसीएने अशा केंद्राच्या शिफारशीवर पुढची वाट दाखवणारी एक खिडकी ठेवावी, मराठीतून अर्ज घेणारी. यातली निम्मी विमानं कधीच उडणार नाहीत. उडू नयेत असा निकाल वेळेत मिळणं हाही त्या मुलांचा हक्क आहे.

आणि तुम्ही-आम्ही, फोन हातात असलेले? पुढच्या वेळी कुणाचा ‘देसी जुगाड हेलिकॉप्टर’ व्हिडिओ आला तर हार्ट टाकायच्या आधी एक कमेंट टाका: ‘भावा, लोड टेस्ट कुठे केलीस? तुझं काम दुसऱ्या कुणी तपासलं?’ लोक तुम्हाला नकारात्मक म्हणतील. म्हणू देत. त्या शंभर हार्टनी पाती घट्ट बसत नाहीत.

सव्वीस जानेवारीला व्हिडिओ आला नाही. मुलगा माझ्याशी महिनाभर बोलला नाही. मला भीती होती की तो दुसऱ्या कुणाकडून एडिट करून घेईल. फेब्रुवारीत एका रात्री त्याचा फोटो आला. नळीच्या तारा काढून त्याने सरळ दांड्या बसवल्या होत्या आणि पत्र्याच्या पट्टीच्या जागी जाड अँगल होता. खाली लिहिलं होतं, ‘काकांना सांग, आता धरून बघा.’

मे महिन्यात सुट्टीला जाईन तेव्हा काका आणि मी धरून बघू. पण पंखांचा सांधा, इंजिनाची बैठक, तो घासून काढलेला पंखा, हे काकांना तपासता येत नाही आणि मला तर नाहीच. त्यासाठी कुणाकडे जायचं, असं त्याने मला विचारलंय. मी गेले दोन आठवडे फोन करतोय. अजून एकही दार सापडलेलं नाही.